बिस्किटांऐवजी आंबील

खानापूरहून बेळगावला नोकरीसाठी सकाळची बस पकडताना मी कित्येक वर्षे केवळ चहा-बिस्किटांवर भागवत असे आणि अकराच्या सुमारास हात थरथरू लागत. रात्रीच्या दहा-बारा तासांच्या उपासानंतर पोटात गेलेली साखर आणि मैदा लवकर पचतात व भूक पुन्हा खवळते, हे मला फार उशिरा उमगले. आता मी रात्रीच नाचणीचे पीठ पाण्यात कालवून आंबवते. सकाळी ते शिजवून निवल्यावर त्यात ताक, ठेचलेला लसूण आणि जिरे घालते. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, हा लाभ वेगळाच. मात्र नुसते आंबील पुरले नाही. वाटीभर मोड आलेल्या मटकीची उसळ जोडल्यावरच दुपारच्या डब्यापर्यंत तग धरता येऊ लागला. पंधरवड्यात थरथर थांबली.