उजनीत गळाच्या मासेमारीला गिऱ्हाईक घेऊन बोट नेता? वादळी हवेत या चुका टाळा

उजनी धरणाच्या जलाशयाला भरती-ओहोटी नाही, म्हणून पाणी सोपं वाटतं. पहिली चूक हीच. जलाशय वायव्येकडून आग्नेयेकडे लांबलचक पसरलेला आहे. वाऱ्याने ती दिशा धरली की लाट चढायला कित्येक किलोमीटरचं मोकळं पाणी मिळतं, आणि उथळ जागी तीच लाट आखूड आणि उभी होऊन एकामागोमाग येते. समुद्रातली लांब लाट बोटीला उचलून पुढे जाते, इथली थेट आत येते. लाट अर्धा-पाऊण मीटरची आणि बोटीचा काठ पाण्यापासून फूटभर वर, एवढ्यावरच खेळ संपतो. 21 मे 2024 च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून पलीकडच्या इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला.

“आभाळ भरलं की निघू”

आभाळ भरल्यावर उशीर झालेला असतो. वळवाच्या ढगातून पावसाआधी गार वारा सुटतो. ढग 10 किलोमीटरवर असेल आणि वारा ताशी 40-50 किलोमीटरचा असेल, तर तो 12 ते 15 मिनिटांत तुमच्यावर असतो. भरलेली बोट ताशी 10 किलोमीटरने निघाली तरी तेवढ्या वेळात जेमतेम दोन-अडीच किलोमीटर कापते. म्हणून एप्रिल-मेमध्ये दुपारी दोननंतर आसऱ्याच्या किनाऱ्यापासून 2 किलोमीटरपेक्षा लांब थांबूच नका. वारा एकदम पडला, उकाडा वाढला किंवा पलीकडच्या शेतांवर धुळीचा लोट उठला, की गळ गुंडाळायचे.

वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत 30 सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला तर वीज 10 किलोमीटरच्या आत आहे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पुन्हा पाण्यात उतरू नका. फोनवर विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप ठेवा. कार्बनच्या काठ्या वीज वाहून नेतात, त्या ताबडतोब आडव्या करून खाली ठेवायला लावा. उभं राहून काठी उंच धरणारा गिऱ्हाईक ऐकत नसेल तर बोट किनाऱ्याला लावा, वाद तिथे घाला.

खरी अडचण पैशाची असते. पुण्या-सोलापूरहून आलेल्या माणसाने पूर्ण दिवसाचं भाडं दिलेलं असतं, मग चालकाची जीभ अडखळते. बुकिंगलाच सांगून टाका: हवेमुळे परतलो तर अर्धे पैसे परत, आणि परतायचं कधी हे चालक ठरवणार. हे आधी ठरलेलं नसेल तर पुढचे सगळे नियम कागदावरच राहतात.

वजन आणि छत

सहा जणांच्या बोटीत आठ घेणं चूक आहेच, पण चार जण असतानाही बोट उलटते. एकाच्या गळाला मोठा कटला लागतो आणि बाकीचे बघायला त्याच बाजूला धावतात. निघतानाच प्रत्येकाची जागा ठरवून द्या. वारा सुटला की सगळ्यांना फळीवरून उतरवून तळाला, मधोमध बसवा. बर्फाची पेटी, नांगर, पेट्रोलचा कॅन हेही तळालाच, बांधून.

उन्हासाठी लावलेलं ताडपत्रीचं छत वाऱ्यात शीड होतं आणि बोट आडवी करतं. गाठी सुरीशिवाय सुटतील अशा बांधा, आणि वारा येण्याआधीच छत उतरवा. लाइफ जॅकेट फळीखाली ठेवायची वस्तू नाही. किनाऱ्यावरच घालायला लावा, बक्कल ओढून पाहा. मुलांना मोठ्यांचं जॅकेट देऊ नका, पाण्यात पडल्यावर ते डोक्यावरून निघून जातं.

तळाला साचलेलं पाणी लगेच उपसा. 5 मीटर लांब आणि सव्वा मीटर रुंद तळात 10 सेंटिमीटर पाणी म्हणजे सहाशे किलोंहून जास्त वजन, आणि बोट कलली की ते सगळं त्याच बाजूला धावतं. तळ कापलेला पाच लिटरचा कॅन दोरीने बांधून ठेवावा. बादली लाटेत हातातून सुटते.

लाटेला कुशी देऊ नका

बोटीचं तोंड लाटेला 30 ते 45 अंशांत तिरकं ठेवा. वेग कमी करा, पण सुकाणू लागू पडेल इतका राहू द्या. घाईने इंजिनला पूर्ण वेग दिला की तोंड लाटेत घुसतं. वळायचंच असेल तर दोन-तीन मोठ्या लाटा जाऊ द्या, मागून येणाऱ्या शांत पट्ट्यात एका दमात वळा. वारा पाठीशी असताना लाटेच्या उतारावरून सुसाट जाऊ नका. बोट आडवी फिरते, आणि गती अचानक तोडली तर मागच्या फळीवरून पाणी आत येतं.

करमाळ्याच्या बाजूने निघत असाल तर पश्चिमेचा वारा तुमच्या किनाऱ्याकडे ढकलतो. सकाळी आधी वारा जिकडून येतो तिकडे जा, मग इंजिन बंद पडलं तरी वारा तुम्हाला आपल्याच बाजूला आणून सोडेल.

इंजिन नेमकं तेव्हाच का बंद पडतं

हेलकाव्यात टाकीच्या तळाचं पाणी आणि गाळ ढवळून नळीत जातो. महिन्यातून एकदा टाकी रिकामी करून धुवा, फिल्टर बदला. बंद पडल्यावर आधी पेट्रोलच्या नळीवरचा, दाबून पेट्रोल चढवायचा रबरी फुगा पाहा. चपटा झाला असेल तर टाकीच्या झाकणाचा हवेचा स्क्रू बंद आहे किंवा टाकीकडची नळी तुंबली आहे. दाबूनही घट्ट होत नसेल तर कुठेतरी हवा ओढली जाते, दोन्ही टोकांची जोडणी तपासा. इंजिनच्या मागून पडणारी पाण्याची धार थांबली असेल तर जलपर्णी किंवा प्लास्टिक अडकलंय, इंजिन बंद करून जाळी मोकळी करा. पंख्यात जाळं गुंतलं तर रिव्हर्स मारून सोडवायला जाऊ नका, दोर आणखी आत ओढला जातो. इंजिन बंद करा, वर उचला, सुरीने कापा.

हे सगळं करण्याआधी नांगर टाका. तो नेहमी पुढून टाकायचा. मागून टाकला तर इंजिनच्या वजनाने दबलेली बाजू लाटेसमोर येते आणि बोट भरते. दोर खोलीच्या निदान पाचपट सोडा, वाऱ्यात सातपट. पेट्रोलचे तीन भाग धरा: एक जायला, एक यायला, एक शिल्लक.

उलटलीच तर

बोट सोडून किनाऱ्याकडे पोहू नका. किनारा दिसतो त्याहून बराच लांब असतो. फायबरच्या बोटीत फोम असेल तर ती तरंगते. पत्र्याची मात्र तळाला जाते: 200 किलो लोखंड पाण्यातही साधारण 175 किलो भरतं. झाकण घट्ट असलेला 50 लिटरचा रिकामा ड्रम जवळपास 48 किलो उचलतो. अशा होडीत किमान पाच ड्रम दोन्ही टोकांना विभागून, फळ्यांखाली बांधा. सहा असले तर धरून राहिलेल्यांचाही भार पेलतो. फोन हवाबंद पिशवीत गळ्यात असू द्या, 112 किंवा जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077 लावा. परतायची वेळ किनाऱ्यावरच्या एकाला आधीच सांगून ठेवा.

बुडालेलं इंजिन बाहेर काढल्यावर लगेच दोरी ओढू नका. प्लग काढा, इंजिन आडवं करून सिलिंडरमधलं पाणी जाऊ द्या, मग दोरी हळूहळू ओढा. अडकलं तर जोर लावू नका, आतला दांडा वाकलेला असू शकतो. मोकळं फिरलं तर सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, कार्बोरेटरची वाटी रिकामी करा, ताजं पेट्रोल घाला आणि त्याच दिवशी सुरू करा. दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवलं तर बेअरिंगला गंज धरायला लागतो.