मधुमेहाचा रुग्ण घरी आल्यावरचे पहिले पंधरा दिवस

कीटोॲसिडोसिस (इन्सुलिन कमी पडून रक्तात आम्ल साचणं), साखर घसरून आलेली बेशुद्धी किंवा पायाची चिघळलेली जखम, यांतून बरा होऊन माणूस घरी आला की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. पण पुन्हा ॲडमिट व्हायची वेळ बऱ्याचदा याच दिवसांत येते. इन्सुलिनचा लिहून दिलेला डोस वॉर्डमधल्या शरीराला बेतलेला असतो. तेव्हा अंगात जंतुसंसर्ग असतो, कधी स्टिरॉइड चालू असतं, आणि दोन्हींनी साखर चढते. घरी आल्यावर संसर्ग ओसरतो, स्टिरॉइड उतरत जातं आणि तोच डोस जास्त होऊ लागतो.

डिस्चार्ज घेताना घरातली सगळी जुनी औषधं सोबत न्या. प्रत्येकापुढे ‘चालू’, ‘बंद’ किंवा ‘डोस बदलला’ असं लिहून घ्या आणि बंद झालेल्या गोळ्या डब्यातून त्याच दिवशी काढून टाका. जुनी ग्लिमेपिराइड (साखर उतरवणारी गोळी) आणि नवं इन्सुलिन चुकून दोन्ही चालू राहिलं, तर साखर धाडकन खाली येते. किडनी मंदावलेली असेल तर धोका आणखी वाढतो, कारण औषध आणि इन्सुलिन दोन्ही शरीरात जास्त वेळ टिकतात.

इन्सुलिन बाटलीतून घेत असाल तर बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा (एका मिलीलीटरमध्ये किती युनिट) एकच आहे ना, हे पाहा: ४० ला ४०, १०० ला १००. १०० च्या बाटलीतलं इन्सुलिन ४० च्या सिरिंजने २० च्या रेघेपर्यंत ओढलं तर अंगात २० नाही, ५० युनिट जातात. उलट गल्लत झाली तर जेमतेम ८. पेन असेल तर दर वेळी आधी २ युनिट हवेत सोडा, सुईच्या टोकाला थेंब दिसू द्या आणि इंजेक्शन दिल्यावर सुई १० सेकंद आतच ठेवा.

साखर तिन्ही जेवणांआधी आणि झोपताना तपासा. रात्रीची साखर घसरत असल्याचा संशय आला तर पहाटे ३ वाजताही. आकड्यासोबत वेळ आणि डोस लिहा. साखर ७० च्या खाली गेली की १५ ग्रॅम ग्लुकोज द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, वर आली नसेल तर तेवढंच परत द्या. आकडा सावरला तरी डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. डोस बहुधा कमी करावा लागतो. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका. साखर वर आणणारं ग्लुकॅगॉन हे औषध घरी असेल तर द्या आणि लगेच रुग्णवाहिका बोलवा. ग्लिमेपिराइडसारख्या गोळीने साखर घसरली असेल तर ती वर येऊनही काही तासांनी पुन्हा घसरते, म्हणून अशा रुग्णाला घरी थांबवू नका.

सगळ्यात महागात पडणारा विचार म्हणजे ‘आज जेवलोच नाही, मग इन्सुलिन कशाला?’ उलटी-ताप असताना शरीर स्वतःच साखर वाढवतं. टाइप १ च्या, म्हणजे ज्याच्या शरीरात इन्सुलिन जवळपास बनतच नाही अशा रुग्णाने दीर्घकाळ चालणारं इन्सुलिन कधीच बंद करू नये. कमी-जास्त करायचं असेल ते डॉक्टरांना विचारून. दर २ ते ४ तासांनी साखर पाहा, घोटघोट पाणी पीत राहा, रक्तातले कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की चरबी जळून तयार होणारी आम्लं) तपासा. ०.६ पर्यंत ठीक, १.५ च्या वर गेले तर लगेच डॉक्टरांना फोन करा, ३ च्या वर थेट इमर्जन्सीत जा. उलटी थांबत नसेल किंवा श्वास जोरजोरात चालला असेल तर आकड्याची वाट पाहू नका. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्या आजारपणात थांबवायच्या असतात. त्या चालू असताना साखर २०० च्या आत असूनही कीटोॲसिडोसिस होऊ शकतो.

पायाला जखम असेल तर दुखतं का यावर जाऊ नका. नसा बधिर झालेल्या पायाला दुखणं कळतच नाही. जखमेवरचा दाब कमी करायला दिलेला बूट बाथरूमपर्यंतच्या चार पावलांनाही घालावा लागतो, कारण भरत आलेली जखम त्या चार पावलांच्या दाबानेही उकलते. ड्रेसिंगच्या वेळी लाली कुठवर आहे, तिथे पेनाने रेघ ओढा. दुसऱ्या दिवशी लाली रेघेपलीकडे सरकली, वास येऊ लागला, कातडी काळी पडली किंवा कारण नसताना साखर चढली, तर त्याच दिवशी पाय दाखवा.

पहिली तपासणी आठवड्याच्या आत करून घ्या. जाताना मीटर, वही, इन्सुलिन आणि सिरिंज घेऊन जा, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि पोटॅशियम पुन्हा तपासायचं का ते विचारा, आणि इंजेक्शनची जागा डॉक्टरांना हाताने चाचपून पाहू द्या. तिथे गाठी असतील तर जागा बदलावी लागते, पण ताज्या जागेतून इन्सुलिन जास्त शोषलं जातं, म्हणून जागा बदलण्याआधीच डोस किती कमी करायचा ते विचारून ठेवा.