हंगामाआधी ट्रेल कॅमेरा: हरणाची वाट आणि वेळ कशी हेरायची

ट्रेल कॅमेरा म्हणजे झाडाला बांधून ठेवायचा, समोरून जनावर गेलं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा. त्यात मोठ्या शिंगांच्या नराचा फोटो मिळाला की काम फत्ते झालं असं वाटतं. पण रात्री दोन वाजताचा तो फोटो शिकारीच्या दिवशी काहीच कामाला येत नाही. कॅमेऱ्याकडून तीन गोष्टी काढून घ्यायच्या असतात: नर कुठून आला, कुठे गेला आणि तेव्हा वाजले किती होते. इथली सगळी माहिती उत्तर अमेरिकेतल्या व्हाइटटेल हरणाला धरून दिली आहे, कारण ट्रेल कॅमेऱ्यांचा सर्वाधिक वापर त्याच्याच शिकारीसाठी होतो.

आधी अमेरिकेतल्या ज्या राज्यात शिकार करणार, तिथले चालू वर्षाचे नियम वाचा. ॲरिझोनात १ जानेवारी २०२२ पासून शिकारीसाठी ट्रेल कॅमेरा वापरायला पूर्ण बंदी आहे. नेवाडा आणि युटामध्ये वर्षातल्या ठरावीक महिन्यांत निर्बंध असतात. फोटो थेट मोबाइलवर पाठवणाऱ्या कॅमेऱ्यांचे नियम बऱ्याच ठिकाणी जास्त कडक आहेत. कॅमेऱ्यासमोर मका किंवा मीठ टाकण्यावरही अनेक राज्यांत मनाई आहे. हरणं एका जागी तोंडाला तोंड लावून खाऊ लागली की क्रॉनिक वेस्टिंग डिसीज (हरणांच्या मेंदूचा जीवघेणा संसर्गजन्य रोग) पसरायला वाव मिळतो, हे त्यामागचं एक मोठं कारण.

घरातली तयारी

जंगलात गेल्यावर सेटिंग करत बसू नका. घड्याळ आणि तारीख घरीच लावा, आणि सकाळ-संध्याकाळचा घोळ टाळायला २४ तासांचं घड्याळ ठेवा. काही कॅमेऱ्यांत बॅटऱ्या बदलताना तारीख मूळ पदावर जाते, म्हणून प्रत्येक वेळी पुन्हा तपासा. वेळ चुकली तर महिन्याभराचे फोटो वाया.

बॅटऱ्या लिथियमच्या एए घ्या. महाग असतात, पण व्होल्टेज शेवटपर्यंत टिकवतात आणि कडाक्याच्या थंडीतही साथ सोडत नाहीत. अल्कलाइनचं व्होल्टेज हळूहळू उतरत जातं, त्याचा पहिला फटका रात्रीच्या इन्फ्रारेड दिव्यांना बसतो: दिवसाचे फोटो छान आणि रात्रीचे काळेठिक्कर. जुन्या-नव्या बॅटऱ्या एकत्र घालू नका.

मेमरी कार्ड ३२ जीबीचं, क्लास १० (वेगाची श्रेणी) पुरे. ते कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा आणि कडेची कुलपाची खिट्टी उघडी आहे ना बघा. बंद खिट्टीचं कार्ड घालून रिकाम्या हाताने परतणं ही नेहमीची चूक आहे. मेगापिक्सेलच्या मोठ्या आकड्यांना भुलू नका. बहुतेक वेळा सॉफ्टवेअर तो आकडा फुगवतं, फाइल जड होते आणि तपशील तेवढाच राहतो.

रात्रीचे दिवे दोन तऱ्हेचे असतात. ८५० नॅनोमीटर तरंगलांबीचे लांबवर उजेड टाकतात, पण समोरून अंधूक लाल ठिपके दिसतात. ९४० नॅनोमीटरचे जवळजवळ दिसतच नाहीत, मात्र त्यांचा पल्ला कमी असतो. मोकळ्या शेताच्या कडेला पहिले लावा, अरुंद वाटेवर दुसरे.

जागा आणि कोन

जुलै-ऑगस्टमध्ये नर टोळक्याने फिरतात आणि उजेड असतानाच चरायला येतात. तेव्हा कॅमेरे शेताच्या कडेला आणि पाणवठ्यावर लावून परिसरात कोणकोणते नर आहेत याची यादी करावी. साधारण ४० हेक्टरला एक कॅमेरा पुरतो. पण ही यादी हंगामापर्यंत टिकेलच असं धरून चालू नका. ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत शिंगांवरची मखमल (वाढत्या शिंगांवरची लवदार कातडी) गळते, टोळकी फुटतात आणि बरेच नर दुसऱ्या भागात सरकतात. म्हणून सप्टेंबरपासून कॅमेरे आत न्या: दोन दाट रानांना जोडणारी झाडांची चिंचोळी पट्टी, ओढ्याचा उतार, कुंपणाची पडलेली तार, आणि नराने खुरांनी जमीन उकरून मुतलेली जागा. अशा उकरलेल्या मातीच्या वर बहुधा एक फांदी लोंबत असते आणि तिची टोकं चावून मोडलेली असतात. कॅमेरा मातीवर रोखू नका; ती फांदी आणि तिच्याखाली उभं राहिलेलं हरीण दोन्ही चौकटीत येतील असा लावा.

कॅमेऱ्याचा सेन्सर हालचाल 'बघत' नाही. समोरून जाणाऱ्या अंगाची उष्णता आणि मागच्या झाडोऱ्याची उष्णता यातला बदल त्याला कळतो. त्यामुळे आडवं जाणारं जनावर तो पटकन टिपतो, थेट समोरून येणारं उशिरा. पण वाटेला काटकोनात लावला तर दुसरी अडचण येते. चालतं हरीण एका सेकंदात मीटरभर पुढे जातं, कॅमेरा सुरू होईपर्यंत फोटोत शेपटीच उरते. यावर उपाय म्हणजे वाटेशी साधारण ४५ अंशांचा कोन, वाटेपासून ५ ते ७ मीटर अंतर आणि हरणाच्या खांद्याच्या उंचीला, म्हणजे जमिनीपासून ९० सेंटिमीटर ते एक मीटरवर कॅमेरा. माणसांची वर्दळ असेल किंवा हरणं बुजत असतील तर दोन ते अडीच मीटरवर बांधून खाली झुकवा. पट्ट्याच्या वर, कॅमेऱ्याच्या पाठीमागे एक काटकी खोचली की कोन जमतो.

तोंड उत्तरेकडे ठेवा. पूर्वेला किंवा पश्चिमेला असेल तर हरणं फिरतात नेमक्या त्याच वेळी सूर्य भिंगात येतो आणि फोटो पांढरा होतो. झाड मांडीएवढं तरी जाड हवं. बारीक झाड वाऱ्यात डोलतं, उन्हाने तापलेली पानं सेन्सरपुढे हलतात आणि कार्ड रिकाम्या फोटोंनी भरतं. समोरच्या तीन-चार मीटरमधलं उंच गवत आणि लोंबत्या काटक्या काढा, पण जागा बोडकी करू नका.

बांधून झाल्यावर टेस्ट मोड लावा आणि वाकून, हरणाच्या उंचीला अंग आणून वाटेवरून चाला. दिवा कुठे लुकलुकतो ते बघा. कोन तिथेच दुरुस्त करा.

वाटेवर तीन फोटोंचा झटका (एका वेळी सलग तीन फोटो) आणि मध्ये १० ते १५ सेकंदांची विश्रांती ठेवा. माद्यांमागे बऱ्याचदा नर येतो, विश्रांती लांबवली तर तोच निसटतो. चरण्याच्या जागी मात्र ही विश्रांती पाच मिनिटांवर न्या, नाहीतर एकाच मादीचे तीनशे फोटो बघत बसाल. कडक उन्हाळ्यात हवा हरणाच्या अंगाएवढी तापली की सेन्सर मंदावतो. दुपारचे फोटो कमी दिसले तर लगेच कॅमेऱ्याला दोष देऊ नका.

कार्ड आणायला जाताना

दर दोन-तीन आठवड्यांनी, भर दुपारी जा. पाऊस पडणार असेल त्याच्या आधीचा दिवस उत्तम, तुमचा वास धुऊन जातो. रबरी बूट, हातमोजे, आणि वारा हरणांच्या बसण्याच्या जागेकडून तुमच्याकडे येत असेल असा रस्ता. कार्ड बदला, भिंगावरचं कोळ्याचं जाळं आणि बॅटरीच्या कप्प्यातल्या मुंग्या झटका, आणि निघा. फोटो घरी बघा.

वहीत प्रत्येक नराची नोंद करा: तारीख, वेळ, येण्याची दिशा आणि त्या वेळचा वारा. वारा हवामानाच्या नोंदीतून घ्या. कॅमेऱ्याने छापलेल्या तापमानावर विसंबू नका, उन्हात तापलेल्या डबीतलं असतं ते.

या वहीतून पुढची चाल ठरते. समजा एक नर शेताच्या कडेला रोज काळोख पडल्यावर वीस मिनिटांनी दिसतो. म्हणजे उजेड असताना तो कुठेतरी मागेच रेंगाळलेला असतो. त्याच्या येण्याच्या दिशेने कॅमेरा १०० ते १५० मीटर मागे न्या. तिथे तो उजेडात दिसला तर मचाण तिथेच. तिथेही काळोखातच दिसला तर आणखी एकदाच मागे सरका. बसण्याच्या जागेत घुसलात तर तो ती जागा सोडून जाईल. उजेडातले त्याचे सगळे फोटो एकाच वाऱ्यावरचे निघाले, तर तो वारा असेल त्याच दिवशी तिथे बसायचं.

हंगाम उघडण्याआधीच्या शेवटच्या आठवड्यात कॅमेऱ्याकडे फिरकू नका. ते कार्ड मचाणावर चढायला जाल त्या दिवशी वाटेत काढून घ्या.