डीबी की डीबीएम? सेल्युलर आणि फायबर शिकताना या चुका टाळा

ओरलला माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "शून्य डीबीएम म्हणजे किती पॉवर?" समोरच्याचं जर्नल सुबक असतं, प्रोजेक्ट फाइव्ह-जीवर असतो आणि तरीही उत्तर येतं, "शून्य, मॅम." मग पुढची दहा मिनिटं आम्ही दोघंही घाम पुसत बसतो.

शून्य डीबीएम म्हणजे १ मिलिवॅट. मिलिवॅटमधल्या पॉवरचा लॉग काढून १० ने गुणलं की डीबीएम मिळतं; १ चा लॉग शून्य, एवढीच त्यातली गंमत. पण ही गोष्ट पहिल्या आठवड्यात पक्की झाली नाही, तर वायरलेस आणि फायबर हे दोन्ही पेपर सेमिस्टरभर डोक्यावरून जातात. सूत्रं पाठ असलेल्या मुलांचे मार्क याच जागी जातात. आकडा कशाचा आहे, कुठून कुठपर्यंतचा आहे, हे न विचारताच ते तो सूत्रात टाकतात.

पट वेगळी, माप वेगळं

डीबी ही दोन पॉवरमधली पट आहे (त्या पटीचा लॉग, गुणिले १०), डीबीएम हे १ मिलिवॅटशी तुलना करून काढलेलं माप. 'दुप्पट' म्हटलं तर कशाच्या, हा प्रश्न उरतोच. 'दोन लिटर' म्हटलं की उरत नाही. म्हणून डीबीएममधून डीबी वजा केले की उत्तर डीबीएममध्ये येतं, आणि एका डीबीएममधून दुसरं डीबीएम वजा केलं की डीबीमध्ये. दोन डीबीएमची थेट बेरीज मात्र करायचीच नाही. शून्य डीबीएमचे दोन सोर्स एकत्र आले तर १ अधिक १ असे २ मिलिवॅट होतात, म्हणजे ३ डीबीएम. आधी मिलिवॅटमध्ये या, बेरीज करा, मग परत लॉगमध्ये जा.

फोनच्या सेटिंगमध्ये −९५ डीबीएम दिसलं की "मायनस आहे म्हणजे रेंजच नाही" म्हणणारे भेटतात. −९५ डीबीएम म्हणजे एका वॅटच्या लाख कोटीव्या भागाचा जेमतेम तिसरा हिस्सा, आणि एवढ्यावर फोर-जीचा फोन आरामात चालतो. यातच दुसरी गफलत दडलेली असते. एका ॲपमध्ये −९५ दिसतं, शेजारच्या मित्राच्या ॲपमध्ये −६४, आणि दोघं कोणाचा फोन चांगला यावर भांडतात. एक आकडा असतो आरएसआरपी, म्हणजे एका सबकॅरियरपुरती (बँडमधल्या एका बारीक पट्टीपुरती) पॉवर. दुसरा आरएसएसआय, म्हणजे अख्ख्या बँडची. २० मेगाहर्ट्झच्या एलटीईत, म्हणजे फोर-जीत, १२०० सबकॅरियर असतात आणि १० लॉग १२०० म्हणजे सुमारे ३१. सेलवर पूर्ण लोड असेल तर दोन्ही आकडे ढोबळमानाने एकच गोष्ट सांगतायत.

कपाटामागचा डबा हीच लॅब

पॉवर बजेटचं, म्हणजे किती पॉवर निघाली आणि वाटेत किती गेली याचं, गणित पुस्तकात रुक्ष वाटतं. घरी फायबरचं ब्रॉडबँड असेल तर ते घरीच करून बघा. भिंतीवरच्या ओएनटीच्या, म्हणजे फायबर ज्यात येतं त्या डब्याच्या, सेटिंग पानावर बहुतेक वेळा आरएक्स ऑप्टिकल पॉवर (येऊन पोहोचलेल्या प्रकाशाची पॉवर) दिसते. समजा जीपॉनचं नेटवर्क आहे, म्हणजे एकच फायबर अनेक घरांत वाटलेलं. एक्स्चेंजकडून १४९० नॅनोमीटरवर +३ डीबीएम निघाले. वाटेत १:३२ चा स्प्लिटर, म्हणजे प्रकाश ३२ वाटांत विभागणारा. इथे कोणी ३२ डीबी वजा करतं, कोणी ३२ ने भागतं. बरोबर उत्तर १० लॉग ३२, म्हणजे १५ डीबी. प्रत्यक्षात स्प्लिटरचा स्वतःचा लॉस धरून १७ च्या आसपास. ६ किमी फायबर, दर किमीला पाव डीबी, झाले दीड. कनेक्टर आणि स्प्लाइस (फायबरचे कायमचे जोड) मिळून आणखी दीड. ३ वजा २०, म्हणजे −१७ डीबीएम यायला हवेत.

डबा −२३ दाखवत असेल तर ६ डीबी कुठेतरी सांडतायत. नेट चालू असतं, कारण जीपॉनच्या बी-प्लस वर्गात −२७ पर्यंत चालतं. म्हणून कोणी तक्रारही करत नाही. आधी कपाट जरा पुढे ओढा. पिवळी किंवा पांढरी पॅचकॉर्ड कोपऱ्यात काटकोनात दुमडलेली असण्याची शक्यता सगळ्यांत जास्त. दुसरा संशयित कनेक्टरवरची धूळ. तिसरा थोडा मजेशीर: हिरवा एपीसी कनेक्टर निळ्या यूपीसीमध्ये खुपसलेला. एपीसीचं टोक ८ अंशांनी तिरकं घासलेलं असतं, यूपीसीचं नसतं, त्यामुळे दोन्ही टोकं नीट टेकतच नाहीत. अडॅप्टरमध्ये जातो म्हणजे जुळतो, असं नाही.

बेंड आहे की आणखी काही, हे ओळखायची युक्ती फील्डवरच्या माणसांना माहीत असते, फायनल इयरला ती क्वचित कळलेली असते. १३१० आणि १५५० अशा दोन्ही वेव्हलेंथवर लॉस मोजा. चांगल्या फायबरमध्ये १५५० वर लॉस कमी येतो. तोच जर १५५० वर जास्त आला तर फायबर कुठेतरी वाकलंय, कारण लांब वेव्हलेंथचा प्रकाश वाकवलं की आधी निसटतो.

"१५५० सगळ्यांत चांगली" हे अर्धंच उत्तर

लॉस ०.२ डीबी प्रति किमी, म्हणून १५५०. ठीक. मग १३१० अजून का वापरतात? इथे शांतता पसरते. नेहमीच्या सिंगल मोड फायबरमध्ये १३१० च्या जवळ डिस्पर्शन, म्हणजे प्रकाशाच्या पल्सचं पसरणं, शून्य होतं, आणि १५५० वर ते सुमारे १७ पिकोसेकंद प्रति नॅनोमीटर प्रति किमी असतं. ८० किमीची लिंक, सोर्सची स्पेक्ट्रल विड्थ (त्याच्या वेव्हलेंथचा पसारा) ०.१ नॅनोमीटर: १७ गुणिले ८० गुणिले ०.१, म्हणजे १३६ पिकोसेकंद. १० जीबीपीएसला एक बिटच १०० पिकोसेकंदांचा. म्हणजे पॉवर भरपूर पोहोचूनही बिट एकमेकांच्या अंगावर चढले. हेच २.५ जीबीपीएसला चालून जातं, तिथे बिट ४०० पिकोसेकंदांचा आहे. या गणितात ०.१ च्या जागी सरळ १५५० टाकणारे दर वर्षी निघतात. उत्तर मायक्रोसेकंदांत येतं आणि तरी खाली दोन रेघा मारलेल्या असतात.

लॉसबद्दल आणखी एक सांगते, कारण आकडा पोटात उतरायला इतिहास मदत करतो. १९६६ मध्ये चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी मांडलं, की काचेतला लॉस मुख्यतः तिच्यातल्या अशुद्धींमुळे आहे आणि तो २० डीबी प्रति किमीपर्यंत आणला तर काचेतून संदेश नेता येतील. १९७० मध्ये कॉर्निंगने तो टप्पा ओलांडला, काओंना २००९ चं नोबेल मिळालं. २० डीबी म्हणजे एका किमीनंतर शंभरातला एक भाग उरणं. एवढंसं मिळालं तरी जग खूश होतं. आज दहावा भाग उरायला ५० किमी जावं लागतं.

आणि सिंगल मोड फायबरच्या आकृतीत झिगझॅग किरण काढू नका. कोअर ८-९ मायक्रॉनचा, वेव्हलेंथ दीड मायक्रॉनची. तिथे किरणाची भाषा संपते आणि मोडची, म्हणजे प्रकाश ज्या ठरावीक रूपांत वाहतो त्यांची, सुरू होते. सिंगल मोड हा फायबरचा जन्मजात गुणही नव्हे: व्ही नंबर (कोअरचा आकार, वेव्हलेंथ वगैरेंवरून येणारा आकडा) २.४०५ च्या खाली असेल तोवरच. तेच फायबर ८५० नॅनोमीटरवर एकापेक्षा जास्त मोड नेतं.

न्यूमेरिकल अपर्चरचं प्रॅक्टिकल

लॅबमधल्या किटवर लाल एलईडी आणि १ मिमी जाडीचं प्लास्टिक फायबर असतं. कागदावर पडलेल्या लाल वर्तुळाचा व्यास आणि अंतर मोजून एनए, म्हणजे फायबर किती रुंद कोनातला प्रकाश घेतं त्याचा आकडा, काढायचा. समजा अंतर १० मिमी, व्यास ११ मिमी. सूत्रात व्यासाचा वर्ग अधिक अंतराच्या वर्गाची चौपट, त्याचं वर्गमूळ, आणि त्याने व्यासाला भागायचं: ११ भागिले २२.८, म्हणजे ०.४८. प्लास्टिक फायबरचा एनए ०.५ च्या आसपास असतो, म्हणजे झकास. तो ४ विसरलात, म्हणजे नकळत व्यासालाच त्रिज्या मानलंत, तर ०.७४ येतो. मग मुलं काय करतात? रीडिंग बदलतात! उत्तर ०.५ येईपर्यंत व्यास मागे-पुढे सरकवतात. असं जर्नल दुरून ओळखू येतं, कारण पाचही रीडिंगला एनए दुसऱ्या दशांशापर्यंत सारखा असतो.

खरी अडचण बहुधा फायबरच्या टोकाशी असते. ब्लेडने तिरकं कापलं गेलं की वर्तुळ लंबगोल पडतं. पुन्हा सरळ कापा, नाहीतर आडवा-उभा असे दोन्ही व्यास घेऊन सरासरी काढा. ट्यूबलाइट बंद करा. आणि लॉस काढताना एकक बघा: या प्लास्टिकचा ०.२ डीबी हा दर मीटरचा असतो, दर किमीचा नाही. हजारपटीचा फरक आहे.

आता वायरलेस

पुस्तकात सेल म्हणून काढलेल्या षटकोनावर वेळ घालवू नका. ती कागदावरची सोय आहे; कुठल्याही टॉवरची रेंज षटकोनी नसते. क्लस्टर ७ (सात सेलच्या गटात फ्रिक्वेन्सी वाटलेल्या), पाथ लॉस एक्स्पोनंट ४ (सिग्नल अंतराच्या चौथ्या घाताने घटतो) आणि पहिल्या रिंगमधले तीच फ्रिक्वेन्सी वापरणारे ६ इंटरफिअरर धरले की सिग्नल-टू-इंटरफिअरन्स १८.७ डीबी येतो, हे एकदा हाताने सोडवा आणि पुढे जा. थ्री-जीच्या सीडीएमएपासूनच शेजारचे सेल एकच फ्रिक्वेन्सी वापरू लागले, एलटीईतही सहसा तसंच.

जिथे थांबायला हवं ते फेडिंग, म्हणजे सिग्नलचा चढउतार. "गाडी वेगात आहे म्हणून फ्रिक्वेन्सी सिलेक्टिव्ह फेडिंग होतं", हे वाक्य मी इतक्या पेपरांत वाचलंय की ते एखाद्या नोट्समध्येच छापलेलं असावं. दोन जोड्या आहेत आणि त्यांचा एकमेकींशी संबंध नाही. कड्यासमोर हाक मारली की प्रतिध्वनी उशिरा येतात, तो डिले स्प्रेड. त्यावरून फ्लॅट (सगळ्या फ्रिक्वेन्सी सारख्याच घटतात) की सिलेक्टिव्ह (काहीच घटतात) हे ठरतं. फाटकातून शिट्टी वाजवत गाडी गेली की सूर बदलतो, तो डॉप्लर. त्यावरून स्लो की फास्ट हे ठरतं. तुम्ही जागच्या जागी उभे असलात तरी सिलेक्टिव्ह फेडिंग होऊ शकतं. डिले स्प्रेड २ मायक्रोसेकंद असेल तर कोहेरन्स बँडविड्थ (जेवढ्या रुंदीत चॅनेल सारखंच वागतं ती), ५० टक्के कोरिलेशनच्या नियमाने, १०० किलोहर्ट्झ येते. जीएसएमचं चॅनेल २०० चं. म्हणून तिथे विस्कटलेला सिग्नल सावरणारा इक्वलायझर लागतो, मग फोन खिशात असो की टेबलावर.

डॉप्लरमध्ये चूक एककाची. ६० किमी प्रति तास, १८०० मेगाहर्ट्झ: वेग आधी १६.६७ मीटर प्रति सेकंद करा, उत्तर १०० हर्ट्झ. तसेच ६० टाकले तर ३६०. फ्री स्पेस लॉसच्या सूत्रातला ३२.४४ फक्त किमी आणि मेगाहर्ट्झसाठी आहे. मीटर आणि हर्ट्झ घातले तर तो आकडा लागू होत नाही. लॉसचा अंदाज देणारं ओकुमुरा-हाता मॉडेल १५०० मेगाहर्ट्झपर्यंतच चालतं, तेव्हा ३.३ गिगाहर्ट्झच्या फाइव्ह-जीला ते लावून आलेलं उत्तर प्रोजेक्ट रिपोर्टात छापू नका. एर्लांगमध्ये, म्हणजे चॅनेल तासाचा किती भाग व्यापलेलं राहतं या मापात, तासाला २ कॉल, प्रत्येकी ३ मिनिटं, म्हणजे ०.१ एर्लांग. ६ नव्हे.

"फोर-जीचे १५० एमबीपीएस येतात कुठून?"

हा प्रश्न विचारला की खरा अभ्यास कोणी केलाय ते कळतं. २० मेगाहर्ट्झला १८० किलोहर्ट्झने भागून १११ रिसोर्स ब्लॉक (बँडचे वाटपाचे तुकडे) लिहू नका. कडेला मोकळी जागा सोडलेली असते, ब्लॉक १००च. प्रत्येकात १२ सबकॅरियर, १ मिलिसेकंदात १४ सिंबॉल, म्हणजे दर मिलिसेकंदाला १६,८०० सिंबॉल. ६४ क्वाम (६४ वेगळ्या अवस्थांचं मॉड्युलेशन) म्हणजे प्रत्येक सिंबॉलला ६ बिट, ६४ नाही. ६४ ने गुणलंत तर फोर-जी १ जीबीपीएसच्या पुढे पळतो आणि तुम्हालाच शंका यायला हवी. ६ ने गुणल्यावर १००.८ एमबीपीएस. कंट्रोल, रेफरन्स सिग्नल, कोडिंग यांत साधारण पाव भाग जातो, उरले ७५. दोन अँटेनांवर दोन प्रवाह, झाले १५०. हे सगळं एका सेलमधल्या सगळ्यांत मिळून वाटलं जातं. आणि डाउनलोडच्या खिडकीत आकडा १९ च्या खालीच दिसेल, कारण ती बाइट मोजते, बिट नाही.

हाच डेटा टॉवरवरून पुढे बहुतेक वेळा फायबरनेच जातो, तरी दोन्ही पेपर दोन वेगळ्या दुनियांसारखे वाचले जातात. त्याचा पुरावा हवा असेल तर विचारून बघा: फायबर वेगवान का? "कारण त्यात प्रकाश असतो, मॅम." काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किमी जातो, हवेतली रेडिओ लहर ३ लाख. म्हणजे रेडिओच आधी पोहोचते. शिकागो ते न्यू जर्सी शेअर बाजाराच्या सौद्यांसाठी मायक्रोवेव्हच्या लिंक उभारल्या गेल्या त्या याच फरकापायी. फायबर जिंकतं ते एका वेळी किती बिट वाहून नेतं यावर.

शेवटची चूक लॅबमधलीच. लेझर चालू आहे का ते बघायला मुलं फोनचा कॅमेरा फायबरसमोर धरतात, काही दिसत नाही, आणि "लेझर गेला" म्हणून किट परत करतात. कॅमेऱ्याचा सेन्सर सिलिकॉनचा असतो आणि सिलिकॉनला सुमारे ११०० नॅनोमीटरच्या पुढचं दिसत नाही. १३१० आणि १५५० त्याच्या पलीकडे. रिस्पॉन्सिव्हिटीच्या (दर वॅट प्रकाशाला किती करंट) गणितात १.५५ मायक्रॉनला सिलिकॉनचा डायोड घेणाऱ्यांचंही नेमकं हेच चुकतं. तिथे इंडियम गॅलियम आर्सेनाइडचा डिटेक्टर लागतो. आणि कॅमेऱ्यात काही दिसलं नाही म्हणून टोकाला डोळा लावून बघू नका. डोळ्यालाही ते दिसत नाही, इजा मात्र होते. पॉवर मीटर जोडा, आधी त्यावरची वेव्हलेंथ नीट लावा.