बुडाला तडा जाऊ नये म्हणून

गेल्या फेब्रुवारीत मी चाकावर मातीचे २४ मग घडवले होते. पहिल्या भाजणीनंतर भट्टी उघडली तर ९ मगांच्या बुडाला, अगदी मधोमध, इंग्रजी एस अक्षरासारखी वळणदार चीर. कान घट्ट, काठ सरळ, बाकी कुठेही खोट नाही. नऊच्या नऊ मग एकाच फळीवरचे होते, आणि ती फळी आठवडाभर खिडकीखाली, वाऱ्याच्या तोंडाशी होती.

तडा भट्टीत दिसला तरी तो पडतो बहुतेक वेळा वाळतानाच. भांड्याची भिंत उचलताना माती आतल्या नि बाहेरच्या बोटांच्या चिमटीत चांगली दाबली जाते. बुडाच्या वाट्याला हा दाब येत नाही. अंगठ्याने गोळा उघडला की मधली माती तशीच सैल राहते, वर घडवताना ओतलेलं पाणीही तिथेच साचतं. पुढे काठ आणि भिंत आधी वाळून आक्रसतात, कडक होतात. बूड मागाहून आक्रसायला लागतं, पण भोवतीची कडक भिंत त्याला हलू देत नाही. सगळा ताण मध्यावर येतो. फिरत्या चाकावर मातीला जो पीळ बसलेला असतो, त्याच पिळाच्या वळणाने ती फाटते.

तुमची माती किती आक्रसते ते घरीच मोजा. ओल्या मातीच्या पट्टीवर बरोबर १० सेंटिमीटरची रेघ ओढा आणि पट्टी पूर्ण वाळल्यावर पुन्हा मोजा. रेघ ९.४ भरली तर आक्रस ६ टक्के. आकडा जितका मोठा, तितकी वाळवताना काळजी जास्त.

खरं काम चाकावरच करायचं. गोळा उघडून बूड हवं तेवढं रुंद केलं की भिंत उचलायची घाई करू नका. चाकाचा वेग कमी करा. मी नारळाच्या करवंटीचा घासून गुळगुळीत केलेला तुकडा वापरते. कडक रबराची रिबही (माती दाबायची चपटी पट्टी) चालते. मध्यापासून कडेकडे आणि कडेपासून परत मध्याकडे, असे पाच-सहा फेरे दाबून मारा. परतीचा फेरा बरेच जण विसरतात, आणि माझ्या अनुभवात तोच सर्वांत महत्त्वाचा, कारण तो माती मध्यावर गोळा करून दाबतो. हाताला फरक कळतो. सुरुवातीला करवंटीखाली माती लोण्यासारखी सरकते, मग हळूहळू अडते, आणि वर पाण्याची चकाकी जाऊन मंद, साबणासारखी झाक येते. ती झाक दिसेपर्यंत थांबू नका. भिंत उचलून झाल्यावर आणखी दोन फेरे मारा.

आमच्या कुंभारकाकांच्या माठाला मी असा तडा कधी पाहिला नाही. ते चाकावर जाड बुडाचं भांडं काढतात, ते जरा आवळलं की आतून दगड धरून बाहेरून लाकडी थापीने तासभर थापटतात. बूड त्या माराने पातळ होतं आणि दाबलंही जातं. आपण मग किंवा वाडगा थापटत नाही, म्हणून तो दाब रिबने द्यायचा. मोठ्या लोंद्यावरून एकामागून एक पणत्या, वाट्या काढत असाल तर दुप्पट जपा. तिथे बुडाखाली चाकाचा टणक आधार नसतो, त्यामुळे दाब नीट बसत नाही.

जाडीही पाहा. मध्यावर दाभण टोचून मोजा, भोक बोटाने लगेच बुजवून दाबा. मगाला ६-७ मिलिमीटर पुरे. खालून कोरून पायकडा (भांडं ज्यावर टेकतं ती बुडाखालची कडी) काढायचा असेल तर १० ठेवा, पण कोरल्यानंतर बूड आणि भिंत जवळजवळ सारख्या जाडीची व्हायला हवी. जाड बूड आणि कागदासारखी भिंत ही जोडी हमखास तडकते.

भांडं चाकावरून उतरवण्याआधी काडीला बांधलेल्या स्पंजने आतलं पाणी टिपून घ्या, अगदी शेवटचा थेंबसुद्धा. भांडं सोडवायची तार बुडाखालून लगेच फिरवा, नाहीतर चिकटलेलं बूड आक्रसताना फळी त्याला धरून ठेवते.

आता वाळवणं. पंखा बंद, खिडकी बंद. काठावर पातळ प्लॅस्टिक टाका म्हणजे तो पुढे धावणार नाही. काठ स्वतःचं वजन पेलण्याइतका कडक झाला की भांडं उलटं, पालथं ठेवा, म्हणजे बुडाला हवा लागेल. खाली वर्तमानपत्र असू द्या; आक्रसताना भांडं त्यावरून सहज सरकतं. पुण्याच्या मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत मी रुंद ताटल्या आठ-दहा दिवस झाकून ठेवते.

तडा एस आकाराचा नसून काठापासून खाली उतरत असेल, तर वरचे उपाय त्याला लागू नाहीत. तिथे काठ फार लवकर वाळला किंवा फार पातळ झाला असं समजा. झिलईच्या, म्हणजे काचेसारख्या लेपाच्या, भाजणीनंतर चीर दिसली तर तिची धार बघा. झिलई चिरेत उतरून कडा गोल झाल्या असतील तर तडा जुना. कडा काचेसारख्या धारदार असतील तर तो भट्टी थंड होतानाचा.

कच्च्या भांड्यात चीर दिसली तर वर ओली माती थापून बुजवू नका. ती माती वाळताना पुन्हा आक्रसते आणि चीर त्याच जागी उघडते. भांडं खडखडीत वाळू द्या, फोडा, तुकडे बादलीत पाण्यात टाका. अर्धवट ओली माती पाण्यात तशीच गोळा होऊन बसते. पूर्ण वाळलेली मात्र बुडबुडे सोडत बघता बघता विरघळते. दुसऱ्या दिवशी वरचं पाणी काढा, चिखल कापडावर पसरून घट्ट करा आणि पुन्हा मळायला घ्या.