चार दिवस शी नाही? आधी लंगोट बघा

फक्त अंगावर पिणारं बाळ दीड महिन्याचं झालं की अचानक चार-पाच दिवस, कधी आठवडाभरही शी करत नाही. घरात लगेच एरंडेल, घुटी, तेलात बुडवलेला विड्याच्या पानाचा देठ, साबणाची कांडी असे सल्ले सुरू होतात. यातलं काहीही करू नका. आईचं दूध जवळजवळ सगळं पचतं, मागे उरतं थोडंच.

दिवस मोजण्यापेक्षा शी कशी आहे ते बघा. मोहरीसारखी पिवळी, पातळ, दाणेदार असेल तर ती जुलाब नव्हे. कधीतरी हिरवी झाली तरी बिघडत नाही. बाळ लाल होऊन कुंथतं, रडतं आणि शेवटी मऊच शी होते, तेव्हा तो बद्धकोष्ठ नसतो. जोर कसा लावायचा हे ते शिकत असतं. लेंड्यांसारखे कडक खडे पडले, तर मात्र बद्धकोष्ठ. दिवसात सहा-सात वेळा शू, नीट पिणं, वजन वाढणं चालू आहे ना? मग थांबा.

पांढरट, खडूसारखी शी, रक्त, फुगलेलं पोट, हिरवी उलटी, किंवा जन्मानंतर 48 तासांत काळी चिकट शी न होणं: यात वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टर गाठा.