बसलेला घोडा कामाला कसा लावावा: नाडी, वजन, घाम आणि चंदीचा हिशेब

पावसाळ्यात माथेरानचे पर्यटन थंडावते. घोडा तीन महिने जवळजवळ बसून असतो आणि दिवाळीच्या गर्दीत एकदम दिवसभराच्या फेऱ्यांना लागतो. सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेल्या घोड्याचेही बरेचदा हेच होते. विक्रीसाठी त्याला चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, घालून गोल केलेले असते, पण दम कमावलेला नसतो. दोघांनाही कामावर आणायची पद्धत एकच आहे. तिला आठ आठवडे लागतात, आणि ते का लागतात हे समजले की घाई करावीशी वाटत नाही.

हृदय आणि स्नायू दोन-तीन आठवड्यांतच सुधारू लागतात. हाडे आणि पायांतल्या कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारे दोर, मात्र महिनोन्‌महिने घेतात. खूर वरून खाली पूर्ण नवा यायला नऊ ते बारा महिने लागतात. म्हणून तिसऱ्या आठवड्यात घोडा उड्या मारू लागतो, मालक खूश होतो आणि पायाची कंडरा सुजते. घोडा उत्साहात आहे याचा अर्थ त्याचे पाय तयार आहेत असा होत नाही.

आधी वजन

काटा नसला तरी शिंप्याची टेप पुरते. खोगिराचा पोटपट्टा (तंग) बसतो तिथे, कोपराच्या लगेच मागून, छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये घ्यावा. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडाच्या टोकापर्यंत लांबी घ्यावी. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ११,८८०; उत्तर किलोत येते. घेर १६० आणि लांबी १४५ असेल तर घोडा सुमारे ३१२ किलोचा. टेप घोड्याने श्वास सोडल्यावर वाचावी आणि दर पंधरवड्याला त्याच वेळी, शक्यतो सकाळी चंदीआधी, पुन्हा घ्यावी. चार-पाच किलोच्या फरकाकडे लक्ष देऊ नये, टेपची चूकच तेवढी असते.

हा आकडा भारासाठी लागतो. अमेरिकेतल्या ओहायोत झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आठ घोड्यांवर त्यांच्या वजनाच्या १५, २०, २५ आणि ३० टक्के भार घालून पाहिला. २० टक्क्यांपर्यंत फारसा फरक पडला नाही. २५ आणि ३० टक्क्यांना नाडी आणि श्वास चढलेले राहिले, पाठीचे स्नायू दुखरे झाले. ३१२ किलोच्या घोड्याला २० टक्के म्हणजे ६२ किलो, आणि त्यात खोगीर व घोंगडीही आली. ती आठ किलोची निघाली तर स्वारासाठी उरले ५४. पर्यटकाला त्याचे वजन विचारणे अवघड जाते हे खरे, पण दुखऱ्या पाठीचा घोडा पुढचा महिनाभर कमाई करत नाही. चढ-उताराच्या दगडी वाटेवर तर २० टक्के ही कमाल मर्यादा समजावी.

नाडी कशी मोजावी

जबड्याच्या खालच्या कडेवर, आतल्या बाजूने बोटे फिरवली की दोरीसारखी एक शीर लागते. तिच्यावर पहिली दोन बोटे हलकी टेकवावीत. अंगठा नको, त्यात आपलीच नाडी लागते. स्टेथोस्कोप असेल तर डाव्या कोपराच्या मागे, किंचित पुढे सरकवून. ‘लब-डब’ मिळून एक ठोका. १५ सेकंद मोजून चाराने गुणावे.

विश्रांतीत ठोके मिनिटाला २८ ते ४४ असतात, श्वास ८ ते १६ आणि गुदद्वारातून घेतलेले तापमान ३७.५ ते ३८.५ अंश. सलग पाच सकाळी, घोडा शांत उभा असताना मोजून सरासरी लिहून ठेवावी. शेजारून बुलेट गेली तर तो आकडा टाकून द्यावा. घाबरल्यावर घोड्याची प्लीहा आकुंचन पावते, साठवलेल्या तांबड्या पेशी रक्तात सोडते आणि ठोके काही सेकंदांत शंभरीकडे जातात. शर्यतीला तीच त्याची ताकद असते, मोजणीला मात्र ती अडचण.

एक गोष्ट पाहून अनेकजण दचकतात: निवांत घोड्याचे तीन-चार ठोके नियमित पडतात आणि मग एक गळतो. चालवल्यावर हे गळणे थांबले तर चिंता नाही. थांबले नाही तर पशुवैद्यकाला दाखवावे.

आठ आठवडे

पहिले दोन आठवडे सपाट, मऊ जमिनीवर नुसती चाल. २० मिनिटांपासून सुरू करून ४० पर्यंत, आठवड्यात पाच दिवस, शक्यतो स्वाराशिवाय. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तासभर चाल आणि तिच्यात दोन-दोन मिनिटांच्या चार दुडक्या. पाचव्या-सहाव्यात चढ येतो; चढावर चालच, दुडकी सपाटीला, एकूण दहा ते पंधरा मिनिटे. सातव्यापासून भार: आधी दहा टक्के, आठव्यात पंधरा. वेळ, वेग, चढ आणि भार यांतली एकच गोष्ट एका आठवड्यात वाढवावी. दोन वाढवल्या आणि घोडा लंगडला तर कशामुळे ते कळत नाही.

पुढच्या टप्प्यावर जायचे की नाही हे नाडी ठरवते. काम थांबताच एकदा मोजावी, मग दहाव्या मिनिटाला. दहाव्या मिनिटाला ६० च्या खाली आली तर पुढे जावे. ६० ते ६८ मध्ये अडकली तर तोच आठवडा पुन्हा करावा. तीस मिनिटांनंतरही ६४ च्या वर असेल तर त्या दिवशी काम बंद. अशा वेळी घोडा तापलेला, पाणी कमी पडलेला किंवा कुठेतरी दुखत असलेला असतो. नाडी दोन टप्प्यांत उतरते. पहिल्या मिनिटात ती झपाट्याने खाली येते, कारण मेहनत थांबलेली असते. नंतरचा हळू उतार शरीरातली उष्णता बाहेर जाण्यावर अवलंबून असतो. दुसऱ्या टप्प्यात अडकलेली नाडी बहुधा उष्णतेची असते, आणि गार पाण्यानंतर ती पटकन उतरली तर शंकाच उरत नाही.

दमट हवेत कधी श्वास नाडीपेक्षा जास्त होतो, उदाहरणार्थ नाडी ६० आणि श्वास ८०. घोडा धापा टाकून उष्णता बाहेर काढत असतो. त्याला लगेच सावलीत नेऊन गार करावे.

गार पाण्याचा गैरसमज

‘तापलेल्या घोड्यावर गार पाणी टाकले की तो आखडतो’, हे तबेल्यात सर्रास ऐकू येते. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या आधी, तिथला जुलै-ऑगस्टचा दमट उकाडा डोळ्यांपुढे ठेवून, संशोधकांनी यावर बरेच काम केले. त्यातून गार पाणी सुरक्षित आणि परिणामकारक ठरले. बादलीतले पाणी मान, छाती, पाठ, पुठ्ठे, सगळीकडे सलग ओतत राहावे. दोन तांबे मारून थांबू नये. ओला टॉवेल पाठीवर टाकून ठेवू नये, तो काही वेळात तापतो आणि उष्णता अडवून धरतो. सावली आणि वारा हवाच.

घोड्याचा घाम आपल्यासारखा पातळ नसतो. त्यात मीठ रक्ताइतके किंवा जास्तच असते, शिवाय लॅथरिन नावाचे प्रथिन; खोगिराखाली जो पांढरा फेस दिसतो तो त्याचाच. कडक उन्हातल्या जोरदार कामात तासाला दहा लिटर घाम जाऊ शकतो. पाण्यासोबत मीठही जात असल्याने रक्तातली मिठाची तीव्रता वाढत नाही, आणि तहानेची घंटा तिथूनच वाजते. म्हणून निथळलेला घोडा बादलीकडे पाहतही नाही आणि मालक म्हणतो, ‘तहान नाही त्याला.’ उपाय साधा आहे: एका बादलीत लिटरला नऊ ग्रॅम मीठ, शेजारी दुसऱ्या बादलीत साधे पाणी. खारे थोडे प्यायल्यावर तो साधे पाणी आपणहून पितो. रोजच्या चंदीत १०० किलो वजनाला १० ग्रॅम मीठ असावे. फार घाम गेला त्या दिवशी दुप्पट. पाणी समोर नसताना नुसते मीठ देऊ नये.

चंदी

वाळले गवत वजनाच्या किमान दीड टक्का, म्हणजे आपल्या घोड्याला पावणेपाच किलो. काम वाढले की सहापर्यंत. चंदी एका वेळी किती, याला मर्यादा आहे: पिष्ट पदार्थ वजनाच्या किलोमागे एक ग्रॅमच्या आसपास ठेवावा. भिजवलेल्या हरभऱ्याचे कोरडे वजन धरले तर हे पाऊण किलोच्या आत बसते. त्याहून जास्त घातले की लहान आतड्यात न पचलेला पिष्ट मोठ्या आतड्यात जाऊन आंबतो. मग पोटशूळ होतो, आणि वाईट प्रसंगी खुरांचा दाहही. मानेच्या कडेवर चरबीचा कडक पट्टा जमलेल्या घोड्याला हरभरा बंदच करावा. अशा घोड्यात इन्शुलिनचा बिघाड सापडतो आणि चालणे हाच त्यावरचा उत्तम उपाय, मात्र खुरांचा दाह नसेल, म्हणजे खूर गरम नसतील तरच.

सुट्टीच्या दिवशी चंदी निम्मी. हा नियम मोडल्यावर काय होते ते सोमवारी दिसते. विश्रांतीत पूर्ण चंदी खाल्लेला घोडा कामाला निघाल्यावर पंधरा-वीस मिनिटांत आखूड पावले टाकू लागतो, घामाने डबडबतो, पुठ्ठ्याचे स्नायू लाकडासारखे लागतात. लघवी कॉफीच्या रंगाची होते, कारण स्नायू तुटून त्यांचा रंगद्रव्याचा भाग मूत्रपिंडात उतरतो. अशा घोड्याला ‘मोकळा करायला’ चालवत परत आणू नये. प्रत्येक पाऊल स्नायू आणखी तोडते. जिथे आहे तिथेच उभा करावा, खोगीर उतरवावे, पाणी समोर ठेवावे आणि पशुवैद्यकाला बोलवावे. दुखणे थांबवायचे औषध आपल्या मनाने देऊ नये, पाणी कमी झालेल्या घोड्यात ते मूत्रपिंडाला घातक ठरते. फोनवर चार गोष्टी सांगाव्यात: काम किती मिनिटांचे होते, आदल्या दिवशी चंदी किती घातली, आताची नाडी आणि लघवीचा रंग. तुटलेल्या स्नायूंतून रक्तात येणारी दोन विकरे (एन्झाइम) तपासतात: सीके चार ते सहा तासांत शिखर गाठते आणि एएसटी साधारण एक दिवसाने. म्हणून नमुना कधी घेतला हे लिहून ठेवावे, नाहीतर अहवालातला आकडा वाचता येत नाही.